एक मिनिटाचा डाव आणि एकशे एक चालींचा डाव

आमच्या घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले पंधरा दिवस जी जुंपली आहे, तिचा निकाल तिथं लागणार नाही अशी माझी खात्री झाली आहे. ग्रुपवर कुणी चार ओळींच्या पुढं वाचत नाही, आणि माझं म्हणणं चार ओळींत मावणारं नाही. म्हणून इथं लिहितोय. ज्या नातेवाइकांसाठी लिहितोय ते इथं डोकावतात हे मला ठाऊक आहे. ज्यांचा आमच्या घराशी संबंध नाही त्यांच्याही घरात असं एखादं लेकरू असेलच, तेव्हा त्यांनीही वाचावं.

प्रश्न असा आहे. माझ्या भाच्याचा मुलगा नववीत आहे. मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो, आणि फार चांगलं खेळतो. त्याचं ऑनलाइन रेटिंग दोन हजारांच्या पुढं गेलंय. परदेशातली मोठी माणसं त्याच्याकडून हरतात. हे कळल्यावर घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, पोरगं रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलला चिकटलेलं असतं, गणितात घसरलंय, मोबाइल काढून घ्या. दुसरा पक्ष म्हणतो, हा आपल्या घरातला गुकेश आहे, परभणी जिल्ह्यात राहून याचं काही व्हायचं नाही, रस्त्याकडेचं एकरभर रान विका आणि पुण्याला अकादमीत घाला. पहिल्या पक्षाच्या पुढारी आमच्या भाचेसूनबाई, दुसऱ्याचा पुढारी खुद्द भाचा. म्हणजे भांडण एकाच चुलीवरचं आहे!

माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. मोबाइल काढायचा नाही, आणि रानही विकायचं नाही. का, ते सांगतो.

आधी त्याचा खेळ कसा आहे ते बघू. मी काही मोठा खेळाडू नाही. शाळेत असताना मुलांचे सामने भरवायचो, पेपरातले कोडे-डाव सोडवायचो, एवढंच. पण छत्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत; लेकरू कुठं अडलंय हे ओळखायची सवय जात नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो आठ दिवस आमच्याकडं होता. त्याच्या शेजारी बसून मी त्याचे शंभरेक डाव पाहिले. शंभर डाव आठ दिवसांत कसे, असं विचाराल, तर त्याचा डाव तीन मिनिटांचा असतो, आणि पुष्कळदा एकाच मिनिटाचा. एका मिनिटाच्या डावाला ही मुलं ‘बुलेट’ म्हणतात. नाव बरोबर ठेवलंय. सुटली की सुटली, परत बोलावता येत नाही.

त्याच्या खेळात गुण आहेत, आणि ते खरे आहेत. घोड्यानं एकदम राजा आणि हत्ती दोघांना धरायचं असेल तर ते घर त्याला माझ्याआधी दिसतं, डोळे मिटूनही दिसेल. उंटानं एखादं मोहरं राजाच्या समोर खिळवून ठेवणं, एक मोहरं बाजूला करून मागच्याचा शह उघडणं, हे सगळं त्याच्या बोटांत भिनलंय. हजारो डाव खेळल्याशिवाय हे येत नाही. आपण पाढे घोकले म्हणून आठ साती छप्पन्न विचार न करता येतं, तसंच हे आहे. त्याला नावं ठेवू नका.

पण जिथं पाढा संपतो आणि उदाहरण सुरू होतं, तिथं हा अडतो. पटावर कुठंच मारामारी नसली की त्याला काय करावं ते सुचत नाही. मग एखादं कडेचं प्यादं उगीच ढकलतो. मी विचारलं, “हे काय करायलास रे? हे प्यादं का ढकललंस?” म्हणाला, “काही नाही आबा, त्याचा टाइम जायलाय.” वजिरावर वजीर मारायची वेळ आली की हा पळ काढतो, कारण वजीर गेले की हल्ला गेला. आणि ‘प्रीमूव्ह’ नावाचा एक प्रकार आहे. समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली चाल ठरवून ठेवायची. म्हणजे प्रश्न वाचायच्या आधी उत्तर लिहायचं!

एका संध्याकाळी मी त्यानं जिंकलेले वीस डाव ओळीनं बघितले. वीसपैकी अकरा डाव समोरच्याची वेळ संपली म्हणून जिंकलेले होते. त्या अकरांपैकी सहा डावांत शेवटचा पट बघितला तर आमचा खेळाडू चक्क हरत होता. हे त्याला दाखवलं तर हसला. म्हणाला, “जिंकलो ना पण?” जिंकला खरा. पण माणूस ज्यामुळं जिंकतो तेच शिकत जातो. हा सहा डावांतून घड्याळ हरवायला शिकला, बुद्धिबळ नाही.

मग नोव्हेंबरात तो नांदेडला टेबलावरच्या पहिल्या स्पर्धेला गेला. प्रत्येकाला नव्वद मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद जादा, असा लांब डाव. सात फेऱ्यांत अडीच गुण मिळाले. एका डावात वजिराला हात लावून बसला आणि मग नियमाप्रमाणं वजीरच हलवावा लागला; मोबाइलवर हाताला असली शिक्षा नसते. एका डावात कोपऱ्यातून येणारा उंट दिसलाच नाही. मला फोनवर म्हणाला, “टेबलावरचा पट लई मोठा वाटतो आबा. लांबचा उंट ध्यानातच येत नाही.” शेवटचा डाव पंधराशेच्या आसपास रेटिंग असलेल्या एका मुलाशी होता. तो बरोबरीत सुटण्यासारखा होता, आणि हरला. हरला तेव्हा याच्या घड्याळात एकसष्ट मिनिटं शिल्लक होती. समोरच्याकडं चार.

त्या एकसष्ट मिनिटांवरून मला सगळं कळलं. एका पक्षाला त्यातून दिसलं की हे सगळं फुकट आहे. दुसऱ्याला दिसलं की कोच नाही म्हणून हरला. मला दिसलं ते असं, की लेकराच्या खिशात पैसे होते, पण दुकानात जाऊन काय घ्यायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मोबाइलची बाजू. आमच्या गावात बुद्धिबळ शिकवणारा कुणी नाही. दोन रुपयांचं प्यादं हरवलं तर त्या जागी बटण ठेवून खेळणारे आम्ही लोक. सरावाला जोडीदार मिळायचा तर तो रविवारी, आणि त्याला शेतात काम नसेल तर. अशा ठिकाणी मध्यरात्रीही जगातला कुठलाही खेळाडू समोर येऊन बसतो, ही साधी गोष्ट नाही. आणि वेगानं खेळण्यात मुळातच काही पाप आहे असंही नाही. विश्वनाथन आनंद लहानपणी मद्रासच्या ताल चेस क्लबमध्ये जायचा. तिथं झटपट डाव चालायचे आणि जिंकेल त्यानं पटावर बसून राहायचं, हरेल त्यानं उठून रांगेत मागं जायचं, अशी रीत होती. आनंदचा वेग तिथं घडला. त्याला तो क्लब होता. आमच्या लेकराला मोबाइल आहे. फरक काय?

२०२० साली करोनामुळं पटावरच्या स्पर्धा बंद पडल्या तेव्हा बुद्धिबळाचं ऑलिम्पियाडच ऑनलाइन भरलं. सहा जणांचा संघ, दोन पुरुष, दोन महिला, एक कुमार, एक कुमारी. डाव पंधरा मिनिटांचा, चालीला पाच सेकंद जादा. भारताचा कर्णधार होता आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. संघात नागपूरची दिव्या देशमुख होती, वय वर्षं चौदा. ३० ऑगस्टला रशियाबरोबर अंतिम सामना झाला. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि दिव्या या दोघांचं इंटरनेटच तुटलं आणि वेळ संपून त्यांचे डाव गेले. भारतानं दाद मागितली, आणि जागतिक संघटनेनं भारत आणि रशिया दोघांनाही सुवर्णपदक दिलं. ‘मोबाइलवरचं बुद्धिबळ हे काही खरं बुद्धिबळ नाही’ म्हणणाऱ्यांनी हे सुवर्णपदक लक्षात ठेवावं. आणि रेंज गेली म्हणून रडणाऱ्या आमच्या खेळाडूनंही!

पण याच दिव्याची पुढची गोष्ट मला आज सांगायची आहे. ऑनलाइन खेळातून आलेलं लेकरू पुढं कसं जातं, ते तिच्याकडं बघून कळतं.

दिव्या हल्ला करणारी खेळाडू आहे. हे आमच्या खेळाडूला फार आवडतं. तिचा वेगही तसाच. जून २०२५ मध्ये लंडनला जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत तिनं चीनच्या हौ यिफानला हरवलं. हौ यिफान म्हणजे तेव्हाची महिलांमधली पहिल्या क्रमांकाची खेळाडू. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ चार वेळा फिरला. पण त्यानंतर महिन्याभरानं जॉर्जियातल्या बातुमी इथं महिलांचा विश्वचषक झाला, आणि तिथला एक डाव ग्रुपवर एकदाही फिरला नाही. उपांत्य फेरीत दिव्या चीनच्या टॅन झोंगयीशी खेळली. टॅन ही माजी जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत. दुसरा डाव एकशे एक चाली चालला. मध्ये जिंकण्याची स्थिती आली होती, ती हातून निसटली. एखादं लेकरू तिथं ‘जाऊ दे’ म्हणून मोकळं झालं असतं. ती बसून राहिली, पुन्हा संधी तयार केली आणि जिंकली.

अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. एकोणीस वर्षांची दिव्या आणि अडतीस वर्षांची हंपी. लांबचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला निकाल जलद डावांवर आला. जलद डावात हंपी म्हणजे साधी असामी नाही. २०१९ आणि २०२४, दोन्ही साली ती जलद बुद्धिबळातली जगज्जेती होती. पहिला जलद डाव बरोबरी, दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली. घड्याळाच्या दडपणाखाली हंपीच्या हातून चुका झाल्या, दिव्यानं त्या पकडल्या. ग्रँडमास्टर किताबासाठी तीन नॉर्म लागतात. दिव्याकडं त्या दिवशी सकाळपर्यंत एकही नव्हता. विश्वचषक जिंकला म्हणून किताब थेट मिळाला. भारताची ती अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर आणि महिलांमधली चौथी.

या दोन सामन्यांत मला जे दिसलं ते असं. वेग तिला शेवटच्या दिवशी उपयोगी पडला. पण शेवटच्या दिवसापर्यंत तिला आणलं ते एकशे एक चालींच्या बैठकीनं. आमच्या लेकराकडं यातला पहिला भाग आहे. दुसरा अजून नाही. आणि दुसरा भाग अकादमीतच मिळतो असं नाही, तो घरात मिळतो.

उपायांकडं वळण्याआधी रेटिंगबद्दल दोन शब्द, कारण भाच्याचं सगळं गणित त्या आकड्यावर उभं आहे. पूर्वी प्रत्येक गावची पायली वेगळी असायची. मानवतच्या बाजारातली पायली गंगाखेडात चालत नसे. रेटिंगचं तसंच आहे. ते माणसाची उंची सांगत नाही. ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या तुलनेत कुठं बसता एवढंच सांगतं. लिचेस नावाची जी फुकटची जागा आहे तिथं नवीन माणसाला सुरुवातच १५०० वर मिळते. फिडेच्या, म्हणजे जागतिक संघटनेच्या यादीत २०२४ पासून सगळ्यात खालची पायरीच १४०० ची आहे. तेव्हा मोबाइलवरचे दोन हजार म्हणजे टेबलावरचे दोन हजार नव्हेत. नांदेडच्या त्या पंधराशेवाल्या मुलानं हेच समजावून सांगितलं, तेही न बोलता.

आता उपाय. हे मी त्या लेकरासाठी लिहितोय, पण मोठ्यांनी वाचावं, कारण पाळायचे मोठ्यांनी आहेत.

पहिला उपाय, डाव कमी आणि लांब. दिवसाला तीस डाव खेळण्याऐवजी दोन खेळायचे. प्रत्येकी अर्धा तास, किंवा पंधरा मिनिटं आणि चालीला दहा सेकंद जादा. त्याच मोबाइलवर, त्याच जागी हे मिळतं, पैसे लागत नाहीत. बुलेट रविवारी, जेवणानंतर बडीशेप खातो तशी. मी आणि माझा उदगीरचा एक मित्र नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचो. एका कार्डावर एक चाल. पट फळीवर मांडून ठेवलेला. सौ.नं झाडताना घोडा उचलून भलत्याच घरात ठेवला तर पत्रव्यवहार तपासून तो परत जागेवर आणायचा. एक डाव एका दिवाळीला सुरू झाला आणि दुसरी दिवाळी उलटून गेल्यावर संपला. नववीतल्या मुलानं असं खेळावं असं माझं म्हणणं नाही, आता पोस्टमनही पूर्वीसारखा येत नाही. पण कार्ड पेटीत टाकायच्या आधी हात थांबायचा. तो हात थांबणं महत्त्वाचं. मोबाइलवरही हात थांबवता येतो. चाल सुचली की आधी एकच प्रश्न विचारायचा, “समोरच्याला आता काय करायचंय?” एवढा प्रश्न दर चालीला विचारला तर माझ्या अंदाजानं त्याचे निम्मे पराभव टळतील.

दुसरा उपाय, वही. शंभर पानी, रेघांची. हरलेला डाव त्याच दिवशी वहीत उतरवायचा, आणि चाल कुठं चुकली हे इंजिनाला विचारायच्या आधी स्वतः लिहायचं. ही सगळ्यात कठीण गोष्ट आहे. डाव संपला की मोबाइल लगेच सांगतो, ही चाल बरी, ही चूक, ही घोडचूक. लाल शाईनं वही तपासून मिळते. पण तपासलेली वही परत मिळाली म्हणून कुठल्या मुलाचं शुद्धलेखन सुधारलंय? चुकलेला शब्द का चुकला हे त्याला कळलं तरच सुधारतं. डी. गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनापासून दूर ठेवलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये बाराव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी जगज्जेता. घरात ‘आपला गुकेश’ म्हणताय ना, मग गुकेशचं हेही घ्या. त्याच्याही फार आधी रशियाचा बॉटविनिक हेच सांगत असे, की स्वतःच्या डावांची चिरफाड स्वतः करा.

वहीत काय लिहायचं? पराभवाची जात लिहायची. घाई केली, धमकी दिसली नाही, पुढच्या चाली मोजताना चुकलो, वेळ पुरला नाही, की शेवट खेळताच आला नाही? महिन्याभरानं मोजायचं. कुठली जात जास्त आहे ते वही सांगेल. तोच अभ्यासक्रम. त्यासाठी कोच लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो.

तिसरा उपाय, शेवटापासून शिकणं. ही मुलं सुरुवातीच्या चाली पाठ करतात आणि युक्त्या शिकतात. समोरचा फसला तर दहाव्या चालीत डाव संपतो, नाही फसला तर यांचंच संपतं. क्युबाचा जगज्जेता कापाब्लांका याचं बुद्धिबळाचं पुस्तक १९२१ सालचं. तो सुरुवातच साध्या माती आणि शेवटाच्या डावांपासून करतो. आमच्या वडिलांच्या पिढीत देशी पद्धतीनं खेळणारे लोक प्याद्यानं केलेली मात सगळ्यात मानाची समजत. वजिरानं मात कुणीही करेल, प्याद्यानं करून दाखवा, असा त्यांचा तोरा असे.

नांदेडचा तो शेवटचा डाव घ्या. याच्याकडं राजा आणि हत्ती. समोरच्याकडं राजा, हत्ती आणि एक प्यादं. याचा राजा प्याद्याच्या वाटेतच उभा होता. हा डाव कसा वाचवायचा हे फिलिडोर नावाच्या फ्रेंच उस्तादानं अठराव्या शतकात दाखवून ठेवलंय. हत्ती आपल्या बाजूनं मोजून तिसऱ्या ओळीत धरून बसायचं. म्हणजे समोरचा राजा पुढं येऊ शकत नाही. कंटाळून त्यानं प्यादं त्या ओळीत ढकललं, की त्याच्या राजाला पुढं लपायला आडोसा उरत नाही. मग आपला हत्ती सरळ पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. डाव बरोबरीत. एवढंच! शिकायला अर्धा तास लागतो. आमच्या खेळाडूनं हत्ती तिसऱ्या ओळीत धरायच्या ऐवजी लगेच शह द्यायला सुरुवात केली, कारण शह दिला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. घड्याळात एकसष्ट मिनिटं होती, आणि अर्ध्या तासाचं ज्ञान नव्हतं.

चौथा उपाय, खरा पट. गुंडाळून ठेवता येईल असा मोठा पट आणि वजनदार मोहरी. मोबाइलवर पट वरून दिसतो, टेबलावर समोरून दिसतो. नजरेला दोन्हींची सवय हवी. कोडी सोडवायची तर मोबाइलवरचं कोडं पटावर मांडून, सगळ्या चाली वहीत लिहून, मगच बोट लावायचं. घरात लांब डाव खेळायचा तर टेबलावर, हात लावला की तेच मोहरं हलवायचं.

आणि समोर कोण बसणार? त्याची धाकटी बहीण. ती सातवीत आहे, चाली शिकली आहे, आणि दादाचा मोबाइल रिकामा नसतो म्हणून खेळत नाही. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनी आठवा. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून १९८३ पर्यंत दहा वर्षं विजेतेपद या तिघींच्या घराबाहेर गेलं नाही. रोहिणीनं १९७६ मध्ये पहिल्यांदा जिंकलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्यांच्याकडं इंजिन नव्हतं आणि इंटरनेटही नव्हतं. घरातच तुल्यबळ जोडीदार होते. आपल्याही घरात एक जोडीदार आहे, तिला कुणी विचारलं नाही एवढंच. उद्या तीच पुढं गेली तर कुणी तोंड वाकडं करू नये.

आता राहिला रानाचा प्रश्न. भाच्या, तुला वाईट वाटेल, पण लिहितो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण तू ग्रुपवर टाकलीस. म्हण आपल्याच गावाची आहे, पण तुझं वाचन उलटं आहे. इथून गेलं की बनतं आणि इथं राहिलं की बिघडतं, असं काही नसतं. नुसता पत्ता बदलून सवय बदलत नाही. ज्या लेकराला वही धरायची सवय नाही, त्याला अकादमीत घातलं तर तिथंही ते बाकाखाली बुलेट खेळेल, आणि फी तेवढी जाईल. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ‘तुझ्यासाठी रान विकलं’ हे ओझं ठेवून त्याला पटावर बसवायचं? एकेक चाल त्याला एकेक गुंठ्याची वाटेल. अशा पोराला बरोबरीचा डाव शांतपणे धरून बसता येईल का?

आणि सूनबाई, तुमची काळजी खरी आहे. रात्री एकचा खेळ बंदच झाला पाहिजे, त्यात मी तुमच्या बाजूला आहे. झोपेत खेळलेला डाव डावच नसतो. नऊनंतर मोबाइल तुमच्या कपाटात. पण संध्याकाळचे दोन डाव आणि एक तास वही, हे त्याचं हक्काचं राहू द्या. गणित त्यामुळं घसरणार नाही. जो मुलगा स्वतःच्या चुकीचं कारण लिहायला शिकतो, त्याचं गणितही सुधारतं, हे मी वर्गात पाहिलेलं आहे.

वर्षभर हे करून बघू. वर्षानंतरही लेकरू स्वतःहून वही उघडत असेल आणि टेबलावरच्या स्पर्धांत पुढं सरकत असेल, तर कोचचा विषय काढू. आता कोच ऑनलाइनही शिकवतात. ज्या मोबाइलवर भांडण झालं त्याच मोबाइलवर शिकवणी होईल, रान जागेवर राहील. तेव्हाही पैसे कमी पडले तर माझी पेन्शन आहे. पुस्तकं आणि स्पर्धांचं गाडीभाडं मी आजपासूनच देतो. नांदेड, संभाजीनगर, जिथं असेल तिथं जा. तपोवन एक्स्प्रेस आपल्या स्टेशनवर थांबते.

मे महिन्यात पुढची स्पर्धा आहे असं कळलं. बाळा, त्या दिवशी मला फोन कर. किती गुण झाले ते तुझे बाबा ग्रुपवर टाकतीलच. मला तू फक्त एवढं सांग, प्रत्येक डाव संपला तेव्हा तुझ्या घड्याळात किती मिनिटं उरली होती.